नवीन डेंटल क्लिनिक टाकतोय, कचरा आणि एक्स-रेसाठी काय काय नियम पाळावे लागतात?
पहिलं म्हणजे एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) बायोमेडिकल वेस्टचं, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याचं, ऑथोरायझेशन (परवानगी) काढा, एकच खुर्ची असली तरी लागतंच, 2016 च्या नियमांत छोट्यांना सूट नाहीये. रक्ताचा कापूस नि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. माझ्याकडे असिस्टंट सुईला परत टोपण लावायची, सांगून सांगून दमलो, एकदा बोटात घुसलीच, तेव्हापासून दोन हातांनी टोपण लावणं बंद म्हणजे बंद! कचरा 48 तासांच्या वर साठवू नका. एक्स-रे मशीनचं रजिस्ट्रेशन एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर होतं, ते डीलरच्या भरवशावर सोडू नका. आणि हो, ऑटोक्लेव्हची (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनची) इंडिकेटर पट्टी, म्हणजे रंग बदलणारी पट्टी, तारीख टाकून वहीत चिकटवत जा, कोणी तपासायला आलं की दाखवायला तीच कामाला येते.