सातपुड्यात तोरणमाळ-धडगाव साइडला टुरिस्ट म्हणून जावं का? सेफ आहे का, आणि तिथल्या लोकांना चालतं का?

जा की, बिनधास्त जा. मी शहाद्याचा, आमच्याकडून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किमी, पण शेवटचा सात पायरीचा घाट आहे ना तो अंधारात चढायच्या भानगडीत पडू नका, खासकरून पावसाळ्यात, धुकं उतरलं की पुढचं वळणच दिसत नाही. रेल्वेनं येणार असाल तर नंदुरबारला उतरा. कॅश जवळ ठेवा, नेटवर्क येतं जातं.

सेफ्टीचं म्हणाल तर लोकांची भीती अजिबात नाही, उलट लोकांनाच आपल्या टुरिस्टांचा वैताग आहे. यशवंत तलाव, सीताखाईची दरी बघून झालं की गाड्या थेट पाड्यात घुसवतात, कोणाच्याही अंगणात उभं राहून पोरांचे फोटो, वर चॉकलेटं वाटायची. तुमच्या सोसायटीत येऊन कोणी असं केलं तर वॉचमनला हाक माराल की नाही?

होळीला येणार असाल तर जास्तच जपून. होळीच्या आधीचे आठवडे बाजार म्हणजे भोंगऱ्या, तिथे गर्दीत मजेत फिरा, ढोल ऐका, कोणी काही म्हणत नाही. काठी गावची राजवाडी होळी (ते गाव अक्कलकुवा तालुक्यात, तोरणमाळजवळ समजून येऊ नका) रात्रभर चालते आणि पेटते पार पहाटे, त्यामुळे रात्री अकराला "कधी सुरू होणार" विचारणारे दरवर्षी भेटतातच. तिथे अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे बांधलेले बुध्या दिसतील. ते कोणी भाड्याने आणलेले डान्सर नाहीयेत, नवस असतो त्यांचा, कित्येक दिवस पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात. आणि आपली मंडळी त्यांच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेतात! लांबून बघा, फोटो हवा तर आधी विचारा, नाही म्हटलं तर विषय संपला.

भाषेचं टेन्शन नको, घरात भिलोरी-पावरी बोलतात पण बाजारात मराठी, हिंदी चालून जातं.

उन्हाळ्यात आलात तर धडगावच्या बाजारातून आमचूर नक्की घ्या, घरोघरी कैऱ्या सोलून चिरून उन्हात वाळवतात, पांढऱ्या फोडीला भाव जास्त, काळपट पडली की व्यापारी लगेच पाडतो. मुंबईच्या पाकिटातलं आणि हे, वास घेऊन बघा फक्त.