दोनदा बायोप्सी झाली, तरी त्वचेचा लिम्फोमा पक्का का होत नाही?

जालन्याहून प्रश्न आलाय: वडिलांच्या कमरेवरच्या चट्ट्यांची दोनदा बायोप्सी झाली, रिपोर्टात ‘इसबासारखे बदल’, तरी डॉक्टर लिम्फोमाच्या (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) शंकेने तिसरा तुकडा मागतात. लुबाडतायत का?

नाही हो. त्वचेच्या लिम्फोमाचा एक प्रकार, मायकोसिस फंगॉइडिस (नाव बुरशीचं, पण बुरशीशी संबंध नाही) सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखालीही इसबासारखाच दिसतो. तुकडा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, ४ मिलिमीटरचा. त्यात बघायचं ते हे: वेड्यावाकड्या केंद्रकांच्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्वचेच्या वरच्या थरात घुसून रांगेने बसल्यात का. मग सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी७ हे मार्कर, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायच्या त्यांच्यावरच्या खुणा. सीडी७ गायब असला तर शंका वाढते, एवढंच; साध्या इसबातही तो कमी होतो. त्यानेही उलगडलं नाही तर टी-पेशींची जनुकीय तपासणी.

आपल्याकडे घोळ होतो तो मलमाने. मेडिकलवरून आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळत राहिलं की खुणा पुसट होतात. डॉक्टरांना विचारून दोन-चार आठवडे ते बंद ठेवा, मगच तुकडा, जमल्यास दोन जागांवरून. चट्टे फिकट असतील तर कुष्ठरोगाचीही तपासणी सांगतील, घाबरू नका.

आणि जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले आधीच्या बायोप्सीचे तुकडे) लॅबमधून मागून घ्या. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जायची वेळ आली तर तेच सोबत न्या.