ती माहिती तुझी नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

प्रस्तावित रस्ता जमिनीच्या कोणत्या गटांतून जाणार एवढेच मामांनी विचारले आहे, पैसे घ्यायचे नाहीत, कागदही द्यायचा नाही, मग यात गुन्हा कसला, असे तू लिहितोस. मला विचारावेसे वाटले, याचे बरे वाटले. प्रश्नाच्या रोखाचा मात्र राग आला. ती माहिती तुझी नाही. नस्ती, म्हणजे कार्यालयाची फाइल, तुझ्या टेबलावर आली म्हणून तिच्यातला नकाशा तुझा होत नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनींचे व्यवहार थांबतात; म्हणून ज्याला कमवायचे आहे त्याला तुझा शब्द त्याआधीच हवा असतो. गट क्रमांक आज फुटला, तर अडचणीतल्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन पडत्या भावात कोणीतरी खरेदी करील, आणि जमिनीच्या भरपाईवर शंभर टक्के जादा दिलासा रकमेसह येणारा मोबदला त्या खरेदीदाराच्या खात्यात जाईल. हे तुला मी समजावून सांगायचे?

1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाचे कलम 5 तू पैसे घेतलेस का, हे विचारतच नाही. पदामुळे हाती आलेली गुप्त माहिती अनधिकृत व्यक्तीला सांगितली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ती सांभाळण्यात केलेली हयगयही त्यात येते, आणि जाणूनबुजून ती घेणारे मामाही येतात. पुढे त्या बदल्यात रस्त्यालगतचा तुकडा स्वस्तात तुझ्या आईच्या नावावर झाला, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे लाचेविषयीचे कलम 7 उभे राहू शकते; 2018 च्या दुरुस्तीनंतर तिथली शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे आहे, आणि लाभ रोखीतच असावा लागतो असे नाही. विभागीय चौकशी वेगळीच.

माहितीचा अधिकार असताना गुपित कसले, हा तुझा युक्तिवाद मला पटलेला नाही. सार्वजनिक हित मोठे असेल तर 2005 च्या कायद्याचे कलम 8(2) गुपिते अधिनियमालाही बाजूला सारू देते, हे खरे. पण तो निर्णय माहिती ज्याच्याकडे आहे त्या सरकारी प्राधिकरणाचा, रीतसर अर्जावरचा, आणि तसा अर्ज तो शेतकरीही करू शकतो. फोनवर मामांच्या कानात सांगण्याचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही, कारण ती माहिती तुझी नाही.

मी सेवेत असताना थोरल्या भावाला असाच नकार दिला. त्याने धरलेला अबोला शेवटपर्यंत सुटला नाही, आणि वहिनी अजूनही मला ताठर म्हणतात. त्या अबोल्याचे दुःख मला रोज होते, नकाराचे कधीच झाले नाही. भाऊ माझा होता, त्याला मी माझे काहीही दिले असते. त्याला हवा होता तो आराखडा माझा नव्हता. घरच्यांना हे पटवता आले नाही, तरी मी आजही तेच करीन.

तेव्हा मामांना आजच स्पष्ट नाही म्हण; 'बघतो' म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. 'तुमचा गट त्यात नाही' एवढेसुद्धा बोलू नकोस, कारण तेही सांगणेच झाले. अशी विचारणा झाल्याचे वरिष्ठांना लेखी कळव, आणि ती नस्ती संध्याकाळी टेबलावर न ठेवता कपाटात कुलूपबंद करून मगच घरी जा.