सप्तपर्णीच्या पानांवर गाठी आल्यात, चेअरमन म्हणतात झाड काढू. हा पसरणारा रोग आहे का?

माणसांत पसरणारं यात काहीही नाही. झाड तोडू देऊ नका.

एक गाठ ब्लेडने आडवी कापा. आत पिवळसर, चपटं, ठिपक्याएवढं पिल्लू चिकटलेलं दिसेल. सिलिड या रसशोषक किडीचं ते. ते रस ओढू लागलं की पान त्याच्याभोवती फुगतं. गाठ झाडाच्याच पेशींची असते. पुढे ती तडकते आणि पंख फुटलेला कीटक उडून जातो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली सप्तपर्णी याच गाठींचं निमित्त करून तोडली. चेअरमनकाकांनी मीटिंगमध्ये फांदी नाचवत सांगितलं, "याला कॅन्सर झालाय, पोरांच्या अंगावर उठेल." मी तिथल्या तिथे गाठ कापली. बघायला समोरच्या वहिनी तेवढ्या उठल्या. काकांचं खरं दुखणं वेगळंच होतं: दिवाळीच्या सुमारास फुलांच्या वासाने त्यांचं डोकं चढायचं, आणि बुंध्याच्या जागी एक गाडी मावत होती. वासाचा त्रास काहींना होतो, मान्य. मग तसं सांगावं. परवानगी फांद्या छाटायची होती, गेला तो बुंधा. आणि याच काकांच्या घरी नातवाच्या बाळगुटीत मायफळ उगाळलं जात होतं! मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर एका बारीक माशीमुळे आलेली गाठच की. काकडशिंगीसुद्धा गाठच, माव्यामुळे आलेली.

फवारणीवाल्याला बोलावू नका. गाठीच्या आत औषध पोचत नाही, बाहेरचे मित्रकीटक तेवढे मरतात.

करंजाच्या पानावर बोटांसारखे फोड असतील तर ते सूक्ष्म कोळ्याचं काम. त्याला पाय चारच, आणि साध्या भिंगात तो धड दिसतही नाही. त्यानेही करंज मरत नाही.

पांगाऱ्याचं मात्र तसं नाही. त्याचे देठ आणि कोवळे शेंडे सुजून वेडेवाकडे झाले तर परदेशातून आलेली गाठमाशी समजा. तिने झाडं वाळतात, दुखरे शेंडे कापून जाळा. गुलाबाच्या बुंध्याशी खडबडीत गाठ आली तर ती जिवाणूची, रोप मुळासकट काढा.

चेअरमनकडे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं परवानगीपत्र मागा आणि छाटणी लिहिलंय की तोडणी ते स्वतः वाचा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याने खासगी आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. आमच्या इतिवृत्तात "सर्वानुमते" असं छापलंय, ते दुरुस्त करा म्हणून मी अजून अर्ज देतोय.