नाव असलेलं घे

प्रिय मुली,

दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. जुन्या बाजारात एकाकडे तलवारी जोडलेलं, चकचकीत 'आझाद हिंद'चं पदक. दुसऱ्याकडे काळवंडलेला बर्मा स्टार आणि वॉर मेडल ही दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची पदकं, शिवाय १९४७चं स्वातंत्र्यपदक, तिन्हींवर एकाच शिपायाचं नाव. पैसे एकापुरतेच, म्हणून अडलीस. यात अडण्यासारखं काय आहे गं? नाव असलेलं घे.

नेताजींनी ती पदकं १९४२ साली जर्मनीत सुरू केली, घडली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल या पदकं बनवणाऱ्याकडे. युद्धानंतरही तिथे नव्याने पाडलेली पदकं बाजारात येत राहिली. वर नाव नाही, मग विकणारा 'ओरिजनल' म्हणतो ते कशाच्या जोरावर? सोबत कागद असता, घराण्याचा पत्ता लागला असता, तर मीच तुला घे म्हटलं असतं. नेताजींच्या नावावर खपवलेला पत्रा मला बघवत नाही.

आता तो संच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना पदकं बिननावाची, कोरीच मिळाली. आपल्या सैनिकांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर, स्टारच्या पाठीवर. कड भिंगाखाली धर आणि टॉर्च आडवा मार. कुठे खोलगट, घासल्यासारखं दिसलं, तर जुनं नाव कानशीने उडवून नवं ठोकलंय असं समज. तसं नसेल आणि नंबर तिन्हींवर एकच असेल, तर फार घासाघीस करू नको. तिन्ही घे. तुझा डोळा स्वातंत्र्यपदकाच्या भगव्या-पांढऱ्या-हिरव्या फितीवर आहे हे त्याने ओळखलंय, तो सुटं द्यायला तयार होईल. संच फोडायचा नाही! ब्रह्मदेशच्या आघाडीवर इंग्रजांच्या फौजेत होता तोच माणूस पुढे स्वतंत्र देशाच्या सैन्यात उभा राहिला, हे तिन्ही एकत्र असली तरच कळतं.

नाव, नाव आणि नाव. एका स्वातंत्र्यसैनिकाला १९७२ साली मिळालेला ताम्रपट घरच्यांनी मोडीत घातला. मला कळलं तोवर तो वितळलाही होता. आजोबा कुठल्या तुरुंगात होते, हे नातवाला सांगता येईना. ते अजून सलतं. माझी झिजलेली पदकं बघून लोक म्हणतात, यात काय ठेवलंय? म्हणोत. प्रत्येकाची नोंद माझ्या वहीत आहे, गाव, पलटण, कोणाकडून आलं. चांदीच्या भावाने पदकं तोलणाऱ्यांनी मला संग्रह शिकवू नये.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नको. फीत विटकी असली तरी तीच राहू दे. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलंस तर हिरवट चिकटा धरेल. आणि हे कोणाच्या घरातून आलं, ते त्याला खोदून खोदून विचार. वारस सापडले आणि त्यांना हवं असेल, तर घेतल्या किमतीला देऊन टाक. मी दिलेत.

रविवारी सकाळी लवकर जा, बुधवारच्या बाजारापर्यंत थांबू नको. जाताना माझं भिंग घेऊन जा.