रिपोर्टात लिहिलंय, हा ऐकूनच शिकतो

मालवणजवळच्या एका गावातून आई सातवीतल्या मुलाला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातात रंगीत रिपोर्ट. पैसे भरून केलेल्या चाचणीत मुलगा 'श्रवण शैली'चा निघाला होता. "मॅडम, ह्याका वाचून कळणा नाय, ऐकलान की कळता. रिपोर्टातच तसा लिवलेला आसा." तेव्हापासून धडे मोबाईलवर ऐकायचे, पुस्तक मिटलेलं. भूगोलाचे गुण मात्र आणखी घसरले.

भूगोलाचं नाव काढताच मुलगा गप्प झाला, म्हणून मी त्याच्या आजोबांविषयी विचारलं. दोघं खाडीत कालवं काढायला जातात. उद्या कधी जाणार?

"उद्या पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचारला भरती. म्हंजे सकाळी धाच्या सुमाराक सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हे आपल्या किनाऱ्यावरचं जुनं गणित. त्याने ते आजोबांकडून ऐकलं, तिथी कॅलेंडरवर वाचली, पाणी डोळ्यांनी पाहिलं, खडकावरची कालवं हातांनी फोडली. मी आईला विचारलं, यातली याची शैली कुठली?

एकेकाळी मीही अशा प्रश्नावल्या भरून घेत असे, म्हणून हे मनापासून सांगते. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, ते खरंच आहे. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतात, हा दावा टिकलेला नाही. तो सिद्ध करायचा तर 'ऐकणाऱ्या' आणि 'पाहणाऱ्या' अशा दोन्ही गटांतल्या काहींना ऐकवून, काहींना दाखवून शिकवायला हवं आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घ्यायला हवी. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. अशी नीट मांडणी फारच थोड्यांत होती, आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या उलट होते. नकाशा डोळ्यांनीच कळतो, कविता कानांनी. पद्धत विषय ठरवतो.

या मुलाची खरी अडचण वाचनाचा वेग होती. रिपोर्टाने त्याच्याकडून नेमका तोच सराव काढून घेतला, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. रोज एक पान मोठ्याने वाचायचं. मग पुस्तक मिटून, आठवेल ते आजोबांना सांगायचं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर 42 टक्के आठवला, एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

पहिला धडा भरती-ओहोटीचाच घेतला. त्याचं गणित वेळ सांगतं, पाणी किती चढेल ते सांगत नाही. अष्टमीला पाणी कमी का चढतं, हे त्याला माहीत नव्हतं. ते शोधायला त्याने पुस्तक उघडलं.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा वाचताना अजून अडखळत होता, इतिहास तर अजूनही जड जातो. पण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काटकोनात काढून त्याने मला अष्टमीची ती कमी भरती समजावली, आणि वर म्हणाला, "मॅडम, आजोबा 'भांग' म्हणतत ना, पुस्तकातय तोच शब्द आसा. भांगाची भरती."