सत्त्वाच्या पाकिटावर कुणाचे शब्द?

प्रश्न : मी घरी नाचणीचं सत्त्व करून विकते. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांचे छान निरोप येतात. भाची म्हणते, हे ‘टेस्टिमोनिअल’ म्हणून पाकिटावर छाप. एका काकांनी ‘सत्त्वाने माझी शुगर उतरली’ असं लिहिलंय, ते सगळ्यात वर घ्यावं असं वाटतं. सुरुवातीला दोन-तीन अभिप्राय आम्हीच लिहिले तर चालेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो : नाही. माझं घरगुती पदार्थांचंच दुकान आहे. घरी बसून लिहिलेली स्तुती गिऱ्हाईक पाकीट उलटंसुलटं करतानाच ओळखतं. ‘अप्रतिम चव, उत्तम दर्जा, एकदा घ्याल तर पुन्हा घ्याल’ असं खरं गिऱ्हाईक कधी बोलतं का? शिवाय 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि अलीकडचं हवं, त्याला वस्तूचा अनुभव किंवा पुरेशी माहिती हवी, असं त्यांत आहे. भाचीचं मत छापायचंच असेल तर ती भाची आहे हेही छापा. फुकट डबा देऊन लिहून घेतलं असेल, तर तेही.

आता काकांची शुगर. त्यांना खरंच बरं वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा जाहिरातीत करायला एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2018च्या नियमांनी मनाई आहे. ‘मी कुठं म्हटलं, गिऱ्हाईक म्हणालं’ ही पळवाट चालत नाही, कारण छापणाऱ्या तुम्ही. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ते वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर? काकांना फोन करून आभार माना, तो निरोप मात्र छापू नका.

नाचणी सत्त्व म्हटलं की बाळाचे फोटो येणारच. ‘आमच्या आठ महिन्यांच्या पिल्लाने वाटी चाटून पुसून खाल्ली’ हा निरोप कितीही गोड असला तरी बाहेर लावू नका. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा आहार म्हणून विकायच्या पदार्थाची जाहिरात 1992च्या शिशुआहार कायद्याने बंद आहे, आणि त्याच्या डब्यावर बाळाचं चित्रही चालत नाही. पुष्कळ घरगुती उद्योजिकांना हे माहीतच नसतं.

मग उरतं काय? माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. ‘थंड पाण्यात आधी कालवलं की गुठळी होत नाही.’ ‘अगदी वस्त्रगाळ, पण पाकिटाची क्लिप ढिली आहे.’ ही क्लिपवाली तक्रारही राहू द्या. तिच्यामुळे आधीच्या ‘वस्त्रगाळ’वर विश्वास बसतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करायला हरकत नाही, पण ‘बरं’चं ‘उत्कृष्ट’ करायचं नाही. वाक्य कापताना ‘पण’च्या अलीकडे कात्री लावायची नाही.

प्रत्येकीला विचारून घ्या : छापू का, नाव घालू का, की नुसतं ‘मिरजेच्या एक ताई’ लिहू? होकार व्हॉट्सअ‍ॅपवरच घ्या आणि जपून ठेवा.

नवे अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. दुधात केलंत की ताकात, पाकीट किती दिवसांत संपलं, काय आवडलं नाही, असं विचारा.